पिछाडीच्या फळीचा इतिहास

ह्या महोत्सवी पुस्तिकेसाठीं कांहीं तरी इतिहासविषयक लिहावें असा आग्रह संपादक मंडळींनीं धरला. देवळाची पायाभरणी, घंटा, पूर्वींचे धर्मगुरु ह्यांविषयीं माझ्याहून जाणते लोक ह्याच अंकांत लिहीत आहेत. त्यांच्या शेतांत मी नांगर घालीत नाहीं. मीं निवडलेला विषय ऐकून मंडळाच्या एका वृद्ध सभासदांनीं कपाळाला आठी घातली. तो विषय म्हणजे लहान होडीची पिछाडीची फळी, आणि तिच्यावर टांगावयाची मोटर बदलली असतां त्या फळींत करावे लागणारे फेरफार.

ह्याला कारण घडलें. दोन वर्षांपूर्वीं पावसाळा संपून नावा समुद्रांत लोटण्याच्या वेळीं आपल्यापैकींच एका तरुण तांडेलानें नवी मोटर घेतली आणि आशीर्वादासाठीं मला किनाऱ्यावर बोलाविलें. जुनी मोटर आंखूड पायाची व हलकी. नवी लांब पायाची व बरीच जड. विकणारानें ‘होडी तीच चालेल’ असें सांगितलें होतें. मीं प्रार्थना म्हटली, मोटरीवर पवित्र पाणी शिंपडलें, चहा घेतला. फळीकडे मीं पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तरी त्या दिवशीं मला कांहीं उमजलें नसतें. तीन आठवड्यांनीं खाडीच्या मुखाशीं ती फळी शिकंज्यांच्या खालीं आडवी चिरली, वरचा तुकडा मोटरीसकट मागें कलंडला, आणि त्या खिंडारांतून लाट आंत आली. तो व त्याचा भाऊ दोघांनाही मागून येणाऱ्या होडीनें वर घेतलें. मोटर व जाळें गेलें. त्या रात्रीं तो माझ्याकडे येऊन बसला तेव्हां त्यानें कोणालाच दोष दिला नाहीं. एवढेंच विचारलें, “फादर, मोटर तर नवीच होती ना?” ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मला पुढील इतिहास सांपडला.

नांवापासून आरंभ करूं. होडीची पुढची नाळ आणि तळचा पठाण ह्यांचें कौतुक सर्वांना असतें. मागची जी आडवी फळी दोन्ही बाजूंच्या फळ्यांचीं टोकें एकत्र बांधते, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. इंग्रजींत तिला ट्रान्सम म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘ट्रान्स्ट्रम्’ ह्यापासून आला असावा असें कोशकार मानतात. ट्रान्स्ट्रम् म्हणजे आडवी तुळई, किंवा नावेंत वल्हेकऱ्यानें बसावयाची आडवी फळी. सेमिनरींत लॅटिन शिकतांना हा शब्द मला भेटला तो यहेज्केलच्या सत्ताविसाव्या अध्यायांत. तेथें सोर, म्हणजे टायर, ह्या नगरीला संदेष्टा एका भव्य नावेची उपमा देतो, आणि संत जेरोमच्या भाषांतरांत त्या नावेच्या आडव्या फळ्या हिंदुस्थानांतील हस्तिदंताच्या आहेत. आम्ही विद्यार्थी त्या हस्तिदंतावरच खूष झालों होतों. त्या फळ्यांचें नावेंत काम काय, हें आमच्यापैकीं एकानेंही विचारलें नाहीं.

असो. नावेबाहेर टांगलेल्या यंत्राची कल्पना प्रथम फ्रान्समध्यें प्रत्यक्षांत आली. गुस्ताव्ह त्रूव्हे नांवाच्या पॅरिस येथील कारागिरानें १८८१ सालीं सेन नदीवर एक लहान नाव विजेच्या यंत्रानें चालवून दाखविली. हें यंत्र सुकाणूवरच बसविलेलें होतें. सुकाणू काढलें कीं यंत्रही निघे. सारा भार सुकाणूच्या बिजागऱ्यांवर, आणि तोही कांहीं किलोंचाच. फळीला त्याचा उपद्रव नव्हता. पुढें १८९६ सालीं न्यूयॉर्कच्या अमेरिकन मोटर कंपनीनें तेलावर चालणारें असें यंत्र विकून पाहिलें, पण तें रुजलें नाहीं. येल विद्यापीठांत कायदा शिकलेल्या कॅमरॉन वॉटरमन ह्यानें १९०५ सालीं डेट्रॉइट नदीवर आपली मोटर चालविली व ती विकण्यास काढली. ह्या सर्वांचा मान मोठा आहे. परंतु घरोघरीं पोहोंचलें तें यंत्र निराळ्याच माणसाचें.

ओले एव्हिनरूड हा नॉर्वेमध्यें १८७७ सालीं जन्मला आणि पांच वर्षांचा असतांना आईबापांबरोबर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत आला. त्याच्याविषयीं एक गोष्ट सर्वत्र सांगतात. ओकाउची नांवाच्या सरोवराकांठीं तो मित्रमंडळींसह वनभोजनास गेला असतां त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीमची इच्छा झाली; तो वल्हीं मारीत पलीकडे गेला, आणि परत येईतों आइस्क्रीम विरघळून गेलें. तेथेंच त्याला होडीच्या मोटरीचा विचार सुचला म्हणतात. गोष्ट गोड आहे, म्हणूनच मी तिच्यावर फारसा भरंवसा ठेवीत नाहीं. निश्चित आहे तें हें कीं, १९०९ सालीं मिल्वॉकी शहरांत त्यानें मोटरी विकण्यास आरंभ केला, १९११ सालीं त्याला एकाधिकार मिळाला, आणि ती वधू, बेस, पुढें त्याची पत्नी होऊन हिशेब व जाहिराती दोन्ही सांभाळूं लागली. वल्हीं फेकून द्या, असा तिच्या जाहिरातींचा सूर होता. लोकांनीं वल्हीं फेकलीं. पण ज्या होडीवर तीं होतीं ती होडी मात्र तीच ठेवली. माझ्या मतें आपल्या प्रश्नाचें मूळ येथें आहे.

वल्ह्याच्या होडीला पिछाडीची फळी कशासाठीं असते? आकार बंद करण्यासाठीं, आणि फार तर सुकाणू लटकविण्यासाठीं. वल्ह्याचा जोर पडतो तो दोन्ही बाजूंच्या कांठांवर, होडीच्या मध्यभागीं. मागच्या फळीला कोणी ढकलीत नाहीं कीं ओढीत नाहीं. सुतारही ती त्याच हिशेबानें करीत असे: एक पातळ फळी, थोडी मागें कललेली, कडेनें खिळलेली. एव्हिनरूडच्या पहिल्या मोटरीचा जोर दीड अश्वशक्तीचा आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारें २८ किलो. दोन शिकंजे फळीच्या वरच्या कडेवर अडकवून स्क्रू पिळले कीं काम झालें. ज्या फळीला जन्मांत कधीं ओझें माहीत नव्हतें, तिच्या डोक्यावर एका मुलाएवढें ओझें बसलें. शिवाय सारी होडी पुढें ढकलण्याचा भारही तिनेंच सोसावयाचा. दीड अश्वशक्तीपर्यंत तिनें तो सोसलाही.

पुढें कांहीं काळ दैव फळीच्या बाजूनें होतें, कारण मोटरी हलक्या होत गेल्या. पत्नीच्या आजारामुळें एव्हिनरूडनें आपला पहिला धंदा विकला होता. तो १९२१ सालीं ‘एल्टो’ ह्या नांवानें ॲल्युमिनियमची दोन सिलिंडरांची मोटर घेऊन परत आला. दुसऱ्याच वर्षीं इंडियाना प्रांतांतील जॉन्सन बंधूंनीं दोन अश्वशक्तीची मोटर काढली, तिचें वजन अवघें ३५ पौंड. तेव्हां कोणाही सुतारास फळी जाड करण्याचें कारण दिसलें नसेल. वल्ह्याच्या होडीची पिछाडी साधारण पंधरा इंच उंच, म्हणून मोटरीचा पायही तेवढाच. आणि हें पंधरा इंचांचें माप पुढें आंखूड पायाचें ठरीव माप होऊन बसलें. आजही मोटरीच्या दुकानांत आंखूड पाय म्हणजे १५ इंच, लांब म्हणजे २०, त्याहून लांब २५ व ३०, असेंच मोजतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पारडें फिरलें. १९५८ सालीं एव्हिनरूडच्या कारखान्यानें ५० अश्वशक्तीची मोटर काढली. १९६२ सालीं मर्क्युरी कंपनीची १०० अश्वशक्तीची आली. त्रेपन्न वर्षांत दीडाचे शंभर झाले. होड्यांचा घाट तेवढ्या वेगानें बदलत नसतो. पंधरा इंच उंचीची पिछाडी, तिच्यावर जड मोटर, आणि एकाएकीं वेग कमी केला कीं स्वतःच उठविलेली लाट मागून येऊन फळीवरून आंत! म्हणून कारागिरांनीं फळीच्या आंतल्या बाजूस एक उथळ हौदा करून त्याला बाहेर जाणारीं छिद्रें ठेवण्यास आरंभ केला, म्हणजे आलेलें पाणी होडीच्या पोटांत न उतरतां आलें तसें जावें. आणि हळूहळू वीस इंचांची फळी रूढ झाली.

ह्या पांच इंचांचें महत्त्व अमेरिकेच्या कायद्यानें आंकड्यांत मांडलें आहे. तेथें १९७१ सालीं नौकासुरक्षेचा कायदा झाला, आणि त्याखालील नियमांप्रमाणें वीस फुटांहून लहान होडीवर ती किती माणसें व किती अश्वशक्ति पेलूं शकते ह्याची पाटी लावणें कारखानदारास बंधनकारक झालें. हिशेब असा: होडीची लांबी व पिछाडीची रुंदी फुटांत घेऊन गुणावी. समजा, लांबी १५ व रुंदी ५, गुणाकार ७५. चाकानें दुरून वळविण्याची सोय असेल आणि फळी निदान वीस इंच उंच असेल, तर ह्या आंकड्याची दुप्पट करून ९० वजा करावे: ६० अश्वशक्ति. ह्यांपैकीं एकही गोष्ट नसेल, तर बहुतेक होड्यांस आंकड्याला ०.८ नें गुणून २५ वजा करावे: ३५ अश्वशक्ति. सपाट तळाच्या होडीस त्याहूनही कमी. लांकूड तेंच, लांबी तीच, रुंदी तीच. केवळ फळी वीस इंचांहून कमी निघाली तर साठाचे पस्तीस होतात. त्या तरुणाला मीं हा गुणाकार कागदावर करून दाखविला तेव्हां तो कितीतरी वेळ बोलला नाहीं.

आणखी एक फेरा अलीकडचा. १९९६ सालीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें नवीन मोटरींच्या धुरावर निर्बंध घातले. १९९८ ते २००६ ह्या काळांत ते टप्प्याटप्प्यानें लागू झाले. तेल मिसळून जाळणाऱ्या साध्या दोन धक्क्यांच्या मोटरी त्यामुळें त्या बाजारांतून मागें पडल्या व चार धक्क्यांच्या पुढें आल्या. होंडा कंपनी १९६४ पासून तशा करीत होतीच. धूर कमी, आवाज कमी, इंधनही कमी. पण तेवढ्याच जोराला वजन अधिक. ज्या होडींत पूर्वीं दोन धक्क्यांची मोटर होती तिच्यावर चार धक्क्यांची बसविली कीं पिछाडी पाण्यांत आणखी चार बोटें खालीं बसते, म्हणजे तितकीच लाट जवळ येते. ह्या उलाढालींत एव्हिनरूडचें घराणेंही टिकलें नाहीं: मूळ कंपनी २००० सालाच्या डिसेंबरांत दिवाळ्यांत गेली, आणि तें नांव विकत घेणाऱ्या कारखान्यानेंही २०२० सालीं त्या मोटरी करणें थांबविलें.

आतांपर्यंत ज्या होड्या पाहिल्या त्यांना निदान फळी तरी होती. पण जगांतील कित्येक कोळ्यांच्या नावा दोन्हीं टोकांना निमुळत्या असतात. त्यांना मोटर टांगावयास पिछाडीच नाहीं. तेथें काय करावें? पश्चिम आफ्रिकेंत घाना देशाच्या कोळ्यांनीं लांबलचक नावेच्या मागच्या अंगास, बाजूवर, लांकडी आधार बांधून मोटर टांगली. सेनेगलच्या लोकांनीं पिछाडीजवळ तळालाच चौकोनी विहीर पाडून मोटर तिच्यांत उभी केली. दोन्ही युक्त्या मला सारख्याच प्रशंसनीय वाटतात, कारण नाव कोणत्या लाटेसाठीं घडली आहे हें ओळखून त्या केलेल्या आहेत. टोंकदार पिछाडी ठेवली ती मागून फुटणारी लाट दुभंगावी म्हणून.

आपल्या देशांत हा प्रश्न केरळच्या किनाऱ्यावर पुढें आला, आणि तेथील कोळी समाजांत आपले कॅथलिक बंधु पुष्कळ असल्यामुळें त्याविषयीं थोडें अधिक लिहितों. १९५२ सालीं भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ ह्यांच्यांत करार होऊन कोल्लमजवळ नींडकरा भागांत मच्छीमारीच्या सुधारणेचें काम सुरू झालें. नॉर्वेच्या तज्ज्ञांचा भर शेवटीं पोटांत इंजिन असलेल्या नवीन नावांवर पडला. जुन्या ‘वळ्ळम्’ तशाच राहिल्या. पुढें कोळंबी धरणारे ट्रॉलर किनाऱ्याशीं येऊन त्याच पाण्यांत मासे ओढूं लागले तेव्हां, १९८० च्या दशकांत, वळ्ळम्‌वाल्यांनाही मोटर घेणें भाग पडलें. ती हौस नव्हती. दूर जाणें आणि दुसऱ्याच्या आधीं परतणें हाच पोट भरण्याचा एक मार्ग उरला होता. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या जपानी मोटरी गांवोगांव आल्या. त्या टांगावयाच्या कोठें, ही अडचण जुनीच.

तिचें एक उत्तर कन्याकुमारी जिल्ह्यांतील मुट्टम येथें निघालें. तेथें पियेर जिलेट नांवाच्या बेल्जियन अभियंत्यानें कोळ्यांबरोबर राहून प्लायवूडच्या लहान नावा घडविण्याचा उद्योग चालविला. मोठें झाड कोरून केलेली नाव महाग झाली होती, कारण तसें झाडच मिळेना. प्लायवूडचे पत्रे कापून, कडा तारेनें शिवून, वर फायबरचा लेप द्यावयाचा अशी ती पद्धति. केरळांत फळ्या काथ्यानें शिवून नावा करण्याची चाल फार जुनी असल्यामुळें शिवलेली नाव कोणास परकी वाटली नाहीं. १९८० सालीं तिरुवनंतपुरम् येथें मच्छीमार संस्थांचा जो दक्षिण भारतीय संघ स्थापन झाला, त्यानें हा उद्योग आपल्या नौकाकारखान्यांत पुढें नेला. आणि त्या नावांना मागें मोटरीसाठीं खास पक्की फळी दिली. जिलेट ह्यानें १९८५ सालीं ह्या सर्व अनुभवांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. लहान गोष्ट करणें हेंच कठीण, अशा अर्थाचें त्याचें नांव आहे.

आपल्याकडे मोठ्या नावांनीं डिझेल इंजिन पोटांत घेतलें, त्यामुळें पिछाडीवर ओझें असें आलें नाहीं. प्रश्न आहे तो खाडींत व किनाऱ्यालगत फिरणाऱ्या लहान होड्यांचा, आणि आपल्या तरुणाची होडी अशीच होती.

तिची तुटलेली फळी आम्हीं एका वृद्ध सुताराला दाखविली. त्यानें ती मोगरीनें हलकेच ठोकीत नेली. कडेला आवाज खणखणीत. जेथें जुन्या मोटरीच्या बोल्टांचीं भोकें होतीं तेथें बद्द. बाहेरून रंग तुळतुळीत, आंत लांकूड चहांत बुडविलेल्या पावासारखें. कित्येक वर्षें त्या भोकांतून पाणी मुरत होतें. म्हणजे नव्या मोटरीनें फळी मोडली हें अर्धेंच खरें होतें. अर्धें काम जुन्या मोटरीनें आधींच करून ठेवलें होतें.

उरलेलें अर्धें तरफेचें. पंखा पाणी मागें फेकतो तेव्हां मोटरीचा पाय पुढें रेटला जातो. पायाचा रेटा फळीच्या खालच्या भागाला आंत दाबतो आणि वरच्या कडेला, जेथें शिकंजे असतात तेथें, बाहेर ओढतो. पाय पांच इंच लांब झाला कीं तरफेचा हात तितका लांबला. शिवाय पंधरा इंचांच्या फळीवर वीस इंचांचा पाय खोल जातो. पाण्याचा विरोध वाढतो, मागें फवारा उडतो, उथळ खाडींत पंखा चिखलाला लागतो, आणि लागला कीं सारा झटका फळीवर. उलट उंच फळीवर आंखूड पायाची मोटर लावली तर पंखा वरून हवा ओढतो, यंत्र किंचाळतें आणि होडी जागच्या जागीं राहते. बरोबर माप असें कीं, पंख्याच्या वरची जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेंत, किंवा तिच्याखालीं सुमारें एक इंच, यावी. एक सरळ पट्टी तळाला धरून पाहिलें कीं हें कोणालाही कळतें. मलाही कळलें.

नवीन मोटर गेलीच होती. कर्ज शिल्लक होतें. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली व दुसऱ्या हंगामाच्या आधीं त्यानें वापरलेली, पण लांब पायाचीच, मोटर घेतली. आंखूड पायाची मिळेना. तेव्हां फळी वीस इंच करावयाची ठरलें. तरुणाचा विचार होता कीं वर पांच इंचांचा तुकडा जोडून मोकळें व्हावें. सुतारानें मान हलविली. वर जोडलेला तुकडा म्हणजे लांबलेल्या तरफेवर आणखी एक सांधा, आणि तोही नेमका जेथें ओढ सर्वांत अधिक तेथें. त्यानें जुनी फळी साफ काढली. प्लायवूडचे जाड पत्रे राळेनें एकावर एक चिकटवून तळापासून वरपर्यंत अखंड, पूर्वीच्या दुप्पट जाडीची फळी केली. ती उभी सरळ न ठेवतां मागें कललेली ठेवली, कारण मोटरीचे शिकंजे तशा कलासाठींच घडलेले असतात; हा कल साधारण १२ ते १५ अंशांचा. मग फळीपासून पठाणापर्यंत बाभळीचा एक जाड, कोपरासारखा वांक बसविला, आणि दोन्ही बाजूंच्या कांठांना दोन लहान. फळीवरचा रेटा ह्या वांकांतून साऱ्या होडींत उतरतो. एकट्या फळीनें तो सोसूं नये, असें त्याचें म्हणणें. केरळच्या नावांतही मीं हीच रचना चित्रांत पाहिली.

बोल्टांचीं भोकें त्यानें मुद्दाम मोठीं पाडलीं, तीं इपॉक्सी राळेनें भरलीं, राळ कडक झाल्यावर त्या राळेंतून पुन्हा लहान भोकें पाडलीं, म्हणजे पाणी शिरलें तरी तें लांकडाला शिवणार नाहीं. आंतल्या बाजूस बोल्टांखालीं रुंद पोलादी पट्ट्या घातल्या. इंधनाची टाकी पिछाडीवरून उचलून मधल्या बैठकीखालीं नेली, त्यामुळें बुडलेलीं चार बोटें बरींच वर आलीं. मोटरीला एक साखळीही बांधली. सुताराची मजुरी मोटरीच्या किमतीच्या मानानें इतकी थोडी होती कीं ती ऐकून त्या तरुणाला हसूं आलें आणि मग आलें नाहीं.

होडी पुन्हा लोटण्याच्या दिवशीं मला बोलावणें आलें. ह्या वेळीं मीं आधीं आंत उतरून वांकाला हात लावून पाहिला, पट्टी तळाला धरली, आणि मग पाणी शिंपडलें. मोटरीवर थोडें, फळीवर पुष्कळ. सुतार मागें उभा होता. तो म्हणाला, “फादर, बास. ओल नको तिला.”